कंपनी जंगल का राखते?

(सडक अर्जुनी येथील आपल्या केंद्रात झालेल्या वार्षिक सहायक मेळाव्यातील भाषण. स्थानिक सूचना व आभाराचा भाग वगळून येथे छापत आहोत. – संपादक)



दरवर्षी या मेळाव्यात मी वसतिगृहाचा अहवाल वाचतो. किती मुली दहावीला बसल्या, किती पास झाल्या, विहिरीचं पाणी कोणत्या महिन्यात आटलं, तांदळाला किती लागले. या वर्षीचा अहवाल छापून तुमच्या हातात दिला आहे, तो घरी जाऊन वाचा. आज मला दुसऱ्या विषयावर बोलायचं आहे. अध्यक्षांनी थोडी कुरकूर करून परवानगी दिली, त्यांचा मी आभारी आहे.

विषय असा की एका कंपनीने आपल्या मुलींच्या वसतिगृहाला मदत देऊ केली आहे. सौरदिवे, पाण्याची नवी टाकी आणि तीन वर्षांचं धान्य. कंपनी लाकडापासून लगदा आणि लगद्यापासून कागद करणारी आहे. तिचं नाव मी घेणार नाही, कारण प्रश्न एकट्या तिचा नाही. समितीत दोन मतं पडली. काहींचं म्हणणं, देवाने दार उघडलं आहे, उगाच प्रश्न विचारू नका. काहींचं म्हणणं, जंगल तोडून मिळवलेला पैसा आपल्या मुलींच्या ताटात नको. मी दोन्ही बाजूंना विचारलं, ही कंपनी खरंच जंगल तोडते, की तिच्या पुस्तिकेत लिहिलं आहे तशी राखते? कोणालाच सांगता आलं नाही. मलाही नाही. म्हणून गेले काही महिने मी वाचत होतो, वनखात्यातल्या निवृत्त मंडळींना भेटत होतो, गावात बसत होतो. त्यातून जे हाती आलं ते तुमच्यापुढे ठेवतो. पैसा तुम्ही देता, तेव्हा हे ऐकण्याचा पहिला हक्कही तुमचा.

कंपनीच्या पुस्तिकेत एक शब्द पुन्हा पुन्हा येतो: स्वेच्छेने. कायद्याने सांगितलेलं नाही, तरी आम्ही नैसर्गिक जंगलाला हात लावत नाही. कायद्याने सांगितलेलं नाही, तरी आम्ही ओढ्याकाठची झाडं राखतो, आदिवासींशी सल्लामसलत करतो. माझा प्रश्न साधा आहे. व्यापारी माणूस स्वतःचे हात स्वतःच का बांधून घेईल?

आधी जुनी गोष्ट सांगतो. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात दांडेलीला १९५५च्या सुमारास कागद कारखाना उभा राहिला. सरकारने १९५८ साली त्याला बांबू दिला तो दीड रुपये टनाने. टनाने! त्याच बांबूच्या टोपल्या विणणाऱ्या बुरुडाला बाजारात तो याच्या कित्येक पट भावाने घ्यावा लागत होता. इतक्या स्वस्त मिळालेल्या वस्तूची कोण काळजी घेणार? बांबू संपत आला, तेव्हा दोष गावकऱ्यांवर आणि त्यांच्या गुरांवर गेला. पुढे पुण्याचे परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे जाऊन पाहणी केली. त्यांना काय दिसलं? तोड सोपी व्हावी म्हणून बांबूच्या बेटांच्या बुडाशी असलेलं काटेरी कवच साफ केलं जात होतं. ते कवच म्हणजे कोवळ्या कोंबांचं कुंपण. कुंपण गेलं, कोंब जनावरांच्या तोंडी पडले, बेटं म्हातारी झाली. गावातल्या माणसांना हे आधीपासून ठाऊक होतं, पण त्यांना विचारलंच कोणी नव्हतं.

आपल्याकडचे लोक कोवळ्या कोंबाला वास्ते म्हणतात आणि पावसाळ्यात त्याची भाजी खातात. कोणत्या बेटाचे वास्ते खायचे आणि कोणत्या बेटाला हात लावायचा नाही, हे आपल्या वसतिगृहातली सातवीची मुलगीही सांगेल.

तर त्या काळी कंपन्यांना जंगल राखण्याचं काही कारणच नव्हतं. कारण निर्माण झालं ते १९८८च्या राष्ट्रीय वननीतीने. त्या नीतीत सरकारने सांगितलं की जंगलावर पहिला हक्क पर्यावरणाचा आणि जंगलालगत राहणाऱ्यांच्या गरजांचा. उद्योगांना सवलतीच्या दराने जंगलातला माल मिळणार नाही, त्यांनी शेतकऱ्यांशी थेट संबंध जोडून आपला कच्चा माल आपण उभा करावा. मग कारखानदार शेताच्या बांधावर आले. निलगिरी आणि सुबाभळीची निवडक रोपं वाटू लागले, खरेदीची हमी देऊ लागले. आंध्र आणि तेलंगणात भद्राचलमच्या आसपास, इकडे चंद्रपूर-गडचिरोलीकडे, हे काम मोठ्या प्रमाणात झालं. त्याला पुस्तिकेत वृक्षसंवर्धन म्हणतात. मी त्याला शेती म्हणतो. वाईट नाही, शेतकऱ्याला दोन पैसे मिळतात, जंगलावरचा भार कमी होतो. पण कारखान्याला माल हवा होता म्हणून झाडं लागली, एवढं आपण आपल्याशी नीट म्हणावं. आणि तिथेही धोका आहेच. गुजरातेत ऐंशीच्या दशकात शेतकऱ्यांनी हौसेने निलगिरी लावली, सगळ्यांची एकदम तोडणीला आली आणि भाव कोसळला.

आता दुसरं कारण, ते अधिक गमतीचं आहे.

इंग्लंडमध्ये बी अँड क्यू नावाची दुकानांची मोठी साखळी आहे, घर दुरुस्तीचं सामान विकणारी. १९९०च्या सुमारास एका पत्रकाराने त्यांना विचारलं, तुमच्या दुकानात उष्ण प्रदेशातल्या जंगलाचं लाकूड किती आहे? कंपनीला उत्तर देता येईना. कारण तिला माहीतच नव्हतं. त्या एका प्रश्नाची त्यांना इतकी लाज वाटली म्हणा, की भीती वाटली म्हणा, त्यांनी खास माणूस नेमला आणि आपल्या सगळ्या पुरवठादारांना विचारायला सुरुवात केली की तुमचं लाकूड येतं कुठून. आणि १९९३ साली कॅनडात टोरांटोला निसर्गसंस्था, लाकूड व्यापारी आणि आदिवासींचे प्रतिनिधी एकत्र बसले आणि वन व्यवस्थापन परिषद स्थापन झाली. इंग्रजी आद्याक्षरांनी तिला एफएससी म्हणतात. तुमच्या मुलांच्या वहीच्या मागे, दुधाच्या खोक्यावर, बारकासा झाडाचा शिक्का पाहा, तो यांचाच.

ही गोष्ट वाचल्यावर मी आपल्या प्रार्थनालयात जाऊन बसलो. बाकं सागाची आहेत. ती कुठल्या सागाची? खजिनदारांना विचारलं. ते म्हणाले, आरामशीनवरून आणली. आरामशीनवर कुठून आली? वाहतूक परवाना होता का, लाकडावर हातोड्याचा शिक्का होता का? ते माझ्याकडे पाहतच राहिले. मग मी नागपूरच्या आपल्या छापखान्यात फोन केला आणि विचारलं, आपलं त्रैमासिक कोणत्या कागदावर छापता? मालक हसले आणि म्हणाले, पांढऱ्या. म्हणजे त्या इंग्रजी दुकानाला जे ठाऊक नव्हतं ते आपल्यालाही ठाऊक नाही. आणि आपण तर तीस वर्षं जंगलातल्या माणसांची सेवा करतो असं म्हणतो.

बरं, शिक्क्याने काय होतं? एक उदाहरण सांगतो. इंडोनेशियात एशिया पल्प अँड पेपर नावाची जगातल्या सर्वांत मोठ्या कागद कंपन्यांपैकी एक आहे. सुमात्रा बेटावरची पावसाळी जंगलं तोडून ती कागद करते असा आरोप वर्षानुवर्षं होत होता. २००७ साली एफएससीने तिच्याशी संबंध तोडले. कंपनीचं फारसं बिघडलं नाही. मग २०११ साली ग्रीनपीसच्या कार्यकर्त्यांनी कंपनीला सोडलं आणि बार्बी बाहुलीला धरलं. बाहुलीच्या खोक्याचा पुठ्ठा या जंगलातून येतो असं ते सांगू लागले. जगभरच्या आईबापांनी बाहुली बनवणाऱ्या मॅटेल कंपनीला पत्रं लिहिली. काही महिन्यांत मॅटेलने खोक्यांचं धोरण बदललं. आणखीही मोठी गिऱ्हाईकं गळाली. फेब्रुवारी २०१३मध्ये एशिया पल्प अँड पेपरने जाहीर केलं की यापुढे आम्ही नैसर्गिक जंगल तोडणार नाही. स्वेच्छेने!

मी हसतो आहे, पण थट्टा करत नाही. तुमच्या घरातला मुलगा आईच्या डोळ्यांकडे पाहून अभ्यासाला बसला, तर तोही स्वेच्छेनेच बसला असं आपण म्हणतो. अभ्यास तर होतो. फक्त आईने डोळे मिटले तर काय होईल, एवढंच पाहायचं.

याशिवाय लहानसहान कारणं आहेत. काही कंपन्यांना कायदा येण्याची चाहूल आधी लागते, म्हणून त्या चार पावलं पुढे टाकून ठेवतात. मग कायदा करताना सरकार त्यांनाच विचारतं. युरोपने २०१३पासून चोरट्या लाकडावर बंदी आणली. २०२३ साली त्याहून कडक नियम केला, की माल ज्या जमिनीवर वाढला तिचे अक्षांश-रेखांशही द्यावे लागतील. त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली गेली, पण निर्यात करणारे तयारीला लागले. कर्ज देणाऱ्या बँकाही आता विचारतात. आणि आणखी एक कारण आहे, ते अर्थशास्त्राच्या पुस्तकात नसतं. कंपनीत माणसं असतात. त्यांतल्या काहींना मनापासून वाटतं. मला असा एक भेटला, त्याच्याबद्दल आता सांगतो. हा माझ्या चुकीचा भाग आहे, तेव्हा थोडं सावकाश सांगतो.

दोन वर्षांपूर्वी आपल्या केंद्रावर एक तरुण अधिकारी आला. शेतकी पदवीधर, बोलायला गोड, चपला बाहेर काढून आत आलेला. त्यांची कंपनी आपल्या भागात निलगिरीची रोपं देणार होती. काही शेतकऱ्यांच्या बांधावर, आणि एका गावात जंगलालगतच्या मोकळ्या पट्ट्यावर. कागदोपत्री तो पट्टा पडीक. त्याने मला सांगितलं, आमच्या प्रमाणपत्रासाठी स्थानिक समाजाशी विचारविनिमय झाल्याचा पुरावा लागतो. तुमची संस्था इथे जुनी आहे, तुमचं पत्र चालेल.

मी गावात गेलो. ओळखीच्या घरच्या ओसरीवर बसलो. एकोणीस माणसं जमली, त्यांत दोन बाया, त्याही चहा द्यायला आलेल्या. मी सांगितलं, त्यांनी मान हलवली. मी केंद्रावर येऊन संस्थेच्या कागदावर पत्र लिहिलं की ग्रामसभेशी सल्लामसलत झाली असून लोकांची संमती आहे. सही केली, शिक्का मारला. खोटं लिहितो आहे असं मला तेव्हा वाटलंही नाही. चांगल्या कामाला हातभार लावतो आहे असं वाटलं.

सहा-सात महिन्यांनी तपासनीस आला. हा कंपनीचा माणूस नसतो, बाहेरच्या संस्थेचा असतो; वर्षाला एकदा येतो, काही गावं निवडतो आणि थेट लोकांना विचारतो. त्याने त्या पट्ट्यावर शेळ्या चारणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईला विचारलं, इथे झाडं लावायची हे तुमच्या सभेत ठरलं का? ती म्हणाली, कोणती सभा? त्याने माझं पत्र दाखवलं. तिला वाचता येत नाही. तिने शिक्का ओळखला. तिची नात आपल्या वसतिगृहात आहे. ती म्हणाली, "गुरुजीचा शिक्का हाये, पर गुरुजीनं मले काई इचारलं नाई. झाडं लावसान तं लावा, मंग आमच्या शेळ्या चरतीन कुठी?"

तपासनिसाने ते लिहून घेतलं.

तो तरुण अधिकारी पुन्हा माझ्याकडे आला. मला वाटलं चिडेल. तो चिडला नाही. म्हणाला, गुरुजी, तुमचं पत्र आता आमच्या उपयोगाचं नाही, उलट अडचणीचं आहे. आणि मग जरा थांबून म्हणाला, खरं सांगू का, बरं झालं. मला वरून घाई होती.

त्या रात्री मी १ राजे २१वा अध्याय काढून वाचला. नाबोथाचा द्राक्षमळा. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, पण दोन बाबी मी कधी नीट पाहिल्या नव्हत्या. एक, अहाब राजाने आधी मळा हिसकावला नाही. त्याने रास्त वाटावा असा प्रस्ताव दिला होता: याहून चांगला मळा देतो, नाहीतर रोख पैसे घे. नाबोथ नाही म्हणाला, कारण वाडवडिलांचं वतन विकायचं नसतं. आणि दुसरी बाब, पुढे ईजबेलने काय केलं? पत्रं लिहिली. राजाच्या नावाने, राजाच्या शिक्क्याची, गावच्या वडीलधाऱ्यांना. सभाही भरवली. कागदावर सगळं रीतसर होतं. मी पुस्तक मिटून ठेवलं.

आता कायदा काय म्हणतो ते सांगतो, कारण हेही मला पत्र लिहिण्याआधी ठाऊक असायला हवं होतं. आपला गोंदिया जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही, त्यामुळे गडचिरोलीसारखा पेसा कायदा इथे लागत नाही. पण २००६चा वनहक्क कायदा इथे पूर्णपणे लागतो. त्यात ज्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, त्या गावाच्या ग्रामसभेला ते जंगल राखण्याचा आणि त्याचं व्यवस्थापन करण्याचा अधिकार आहे. ही ग्रामसभा म्हणजे ग्रामपंचायत नव्हे, गावातले सगळे प्रौढ. २०१२च्या दुरुस्त नियमांप्रमाणे निम्मे सभासद हजर पाहिजेत, आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया. चहा देणाऱ्या दोन बाया धरूनही माझी ओसरी त्यात कुठेच बसत नाही.

त्या गावाला सामूहिक हक्काचा कागद मिळालेला होता. पट्टा पडीक नव्हता, गावाच्या हक्कातला होता. शेळ्या, मोहाची सात-आठ झाडं, पावसाळ्यात भाजी, बाळंतिणीच्या शेकोटीचं सरपण. पडीक हा शब्द रस्त्यावरून पाहणाऱ्याचा.

मग खरी ग्रामसभा झाली. एकदा नाही, तीनदा. पहिल्यांदा गणसंख्या भरली नाही. दुसऱ्यांदा भांडण झालं. ज्या तरुणांना रोपं हवी होती ते म्हणाले, म्हाताऱ्यांना काय, आम्हाला पैसा लागतो, मुंबईला मजुरीला जाण्यापेक्षा हे बरं. त्यांचंही खोटं नव्हतं. तिसऱ्यांदा ठराव झाला: ज्याला हवी त्याने आपल्या बांधावर निलगिरी लावावी, गावाच्या पट्ट्यावर नाही. पट्ट्यावर बांबू आणि चार लावायची, आणि मोहाखाली आग लावायची नाही. कंपनीला गावाच्या बांबूत रस नव्हता. ती बांधावरच्या अकरा शेतकऱ्यांशी करार करून गेली. ते करार चालू आहेत. पट्ट्यावरचा बांबू निम्मा जगला आहे. शेळ्यांनी काही खाल्ला. म्हातारीच्याही शेळ्यांनी, असं म्हणतात.

आता मला जे कळलं ते असं. त्या पट्ट्याचं रक्षण प्रमाणपत्राने केलं का? थोडं केलं. युरोपातल्या कोणा गिऱ्हाइकाने विचारलं म्हणून कंपनीला प्रमाणपत्र हवं होतं, प्रमाणपत्र हवं म्हणून तपासनीस आला, तपासनीस आला म्हणून म्हातारीला कोणीतरी विचारलं. पण तिच्या मागे वनहक्काचा कागद नसता, तर तिचं उत्तर वहीत राहिलं असतं. आणि ती भिऊन हो म्हणाली असती, तर माझं पत्र खरं ठरलं असतं.

आणि जिथे परदेशी गिऱ्हाईक नाही तिथे काय होतं, हे पाहायला आपल्याला लांब जायला नको. आपला तेंदू पाहा. गोंदिया विडीचं जुनं केंद्र. विडी ओढणारा कधी विचारतो का, हे पान कोणत्या जंगलातलं, त्यासाठी वणवा पेटवला का? नाही विचारत. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या नवी पालवी लवकर फुटावी म्हणून उन्हाळ्यात जंगलाला आगी लागत आल्या आणि कोणाच्या पुस्तिकेवर त्याचा डाग पडला नाही. तेंदूचा व्यापार १९६९च्या कायद्याने सरकारच्या हाती होता, सरकार ठेकेदाराला विकत होतं. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. म्हणजे सत्तर हजार पानं एक एक करून खुडायची आणि भाव दुसऱ्याने ठरवायचा. २०१३ साली नागपूरच्या विदर्भ नेचर कॉन्झर्वेशन सोसायटीच्या मदतीने आपल्या आणि गडचिरोली जिल्ह्यातल्या काही ग्रामसभांनी वनहक्काच्या आधारे तेंदू स्वतः विकायला सुरुवात केली. भाव हातात आला, तसं आग लावायची की नाही हेही गावाच्या हातात आलं. चांगल्या पानाला भाव, तर झुडूप राखण्यात आपलाच फायदा. इथे व्यवहार आणि राखण एकाच घरात आली.

चंद्रपूर जिल्ह्यातलं पाचगाव त्याच्याही पुढे गेलं. त्यांना २०१२ साली एक हजार हेक्टरांहून थोड्या अधिक जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. ते बांबू विकतात, त्यावर गाव चालतं. पण तेंदू खुडणं त्यांनी बंद केलं. कारण खुडणीसाठी फांद्या तोडल्या जातात, आगी लागतात, टेंभरं धरत नाहीत, आणि टेंभरं माणसांना आणि पाखरांना दोघांनाही लागतात. शिवाय विडीने माणूस मरतो, तो धंदा आपण का करावा? हातातलं उत्पन्न गावाने आपणहून सोडलं. पुस्तिका नाही, शिक्का नाही, तपासनीस नाही. आपल्या शास्त्रात अनुवादाच्या विसाव्या अध्यायात आज्ञा आहे, की शहराला वेढा घालून बसलात तरी फळझाडांवर कुऱ्हाड चालवू नका. पाचगावच्या लोकांनी तो अध्याय वाचलेला नसावा.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाचं नाव तुम्ही ऐकलंच असेल. २००९ साली १८०९ हेक्टरांचा हक्क मिळाला, पण बांबू विकायला वाहतूक परवाना मिळेना. अखेर एप्रिल २०११मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. हक्क आणि परवाना यांच्यात दीड-दोन वर्षं गेली. हे मी सांगतो, कारण काही जण म्हणतील, गावांना हक्क दिला की झालं. होत नाही. कागद, नकाशे, हेलपाटे, सह्या, सगळं लागतं. आणि गावंही चुका करतात. सगळ्याच ग्रामसभा पाचगावसारख्या नाहीत. ठेकेदाराने दारू पाजून ठराव लिहून घेतल्याच्या गोष्टी मी या भागात ऐकल्या आहेत.

प्रमाणपत्राचीही दुसरी बाजू आहे. त्याला खर्च येतो. मोठ्या कंपनीला तो परवडतो, पन्नास घरांच्या गावाला परवडत नाही. अनेक शेतकरी मिळून एकच प्रमाणपत्र घेण्याची सोय आहे, पण त्यातही कागद सांभाळणारा माणूस लागतो. मग होतं असं की मैलोन्‌मैल एकाच जातीची निलगिरी लावणाऱ्याकडे शिक्का असतो, आणि साठ जातींची झाडं राखणाऱ्या गावाकडे नसतो. भारताने २०२३च्या अखेरीस आपली स्वतःची वन व काष्ठ प्रमाणन योजना जाहीर केली आहे. गावांना तिचा उपयोग झाला तर चांगलंच.

आता आपल्या टाकीकडे आणि धान्याकडे येतो.

माझं मत विचाराल तर मी असं म्हणेन. त्या कंपनीला मी जंगलतोडी म्हणणार नाही. तसा पुरावा माझ्यापुढे नाही, आणि त्या तरुणाला मी पाहिलं आहे. पण धान्य घेऊ नये. कारण धान्य रोजचं असतं. तीन वर्षं रोज ज्याचं खाल्लं, त्याच्या तपासनिसासमोर उभं राहून आपण "नाही, सभा झाली नाही" असं म्हणू शकू का? मी म्हणू शकेन असं मला वाटत नाही. धान्य न घेता मी एकदा खोटं पत्र लिहून बसलो आहे. टाकी आणि दिवे एकदाच येतात. ते घ्यायचे तर त्याच दिवशी समितीने ठराव करावा की जंगलाच्या, जमिनीच्या, संमतीच्या कोणत्याही बाबतीत ही संस्था कोणालाही पत्र देणार नाही. कंपनीला नाही, खात्यालाही नाही. ज्याला विचारायचं आहे त्याने गावात जाऊन ग्रामसभेला विचारावं. अधिकाऱ्याला मी हे सांगितलं. तो म्हणाला, वरिष्ठांना विचारतो. अजून उत्तर आलेलं नाही.

खजिनदारांचं मत वेगळं आहे आणि ते तुम्ही ऐकायला हवं. ते म्हणतात, गेल्या उन्हाळ्यात टँकरवर जे गेलं ते कुठून काढलं हे मला विचारा. बेचाळीस मुली आहेत, तत्त्व शिजवून वाढता येत नाही. त्यांचं बरोबर आहे. धान्य नाकारायचं तर ते दुसरीकडून यायला हवं, आणि ती दुसरी बाजू म्हणजे इथे बसलेले तुम्ही. दोन वर्षं आपल्या भागातल्या मंडळ्यांकडून उपकारस्तुतीच्या सणाला येणारं धान कमी झालं आहे. आकडे अहवालात आहेत.

समितीची बैठक धान कापणी आटोपल्यावर घ्यायची ठरली आहे. त्या गावच्या ग्रामसभेतल्या पाच बायांना बोलावलं आहे, त्यांत ती शेळ्यांची आजीही आहे. त्यांच्या येण्याजाण्याची जीप आणि जेवण केंद्राकडून. तुमची लेखी मतं त्याआधी कार्यालयात पोहोचवा. पोस्टकार्ड चालेल, नाव मात्र लिहा. आणि प्रार्थनालयाची बाकं ज्यांच्या कारकिर्दीत आली त्या जुन्या समितीपैकी कोणी इथे बसलं असेल, तर घरी फायलीत आरामशीनची पावती सापडते का ते कृपा करून पाहा.